खण शिवायचा नसतो गं!

बेलमळा, नारायणगाव
१६ डिसेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,

धाकट्या वैजूचा नमस्कार. तुझा पाय आता कसा हाय? कांद्या-बटाट्याच्या आडतदाराची बायको घरातल्याच बटाट्यावरनं घसरून पाय मोडून घेती, हे ऐकून आमचे हे हासले. ह्यांना हासताना मी आधी एकदाच पाहिलं व्हतं, आमच्या लग्नात, तेबी भटजींचा पाय घसरला तवा. प्लास्टर निघंस्तवर तू काय यायची न्हाईस, म्हणून ही चिठ्ठी. सोपानच्या जीपनं धाडते, तो मंचरला रोज येतोच.

बातमी मोठी हाय. आपल्या घरी परदेशी पाव्हणी आलीय! डेन्मार्क म्हणून देश हाय, तिथली. नाव लिसबेथ, आमी लिसबाई म्हणतो. बायांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं समाजमंदिरात शिलाई मशिनी बसवल्यात, तिथं बायांना शिवण शिकवणार, आन् पगार घेणार न्हाई. आमच्या भावकीतल्या म्हाताऱ्या बायडाबाईला हे काय पटंना. 'पोरीनं तिकडं काय तरी उद्योग केला असंल बघ, उगा कोण एवढ्या लांब धाडतंय,' म्हणून सगळ्यांना सांगत सुटल्यात.

पोरगी इतकी उंच की पाय खाटेच्या बाहेर. ह्यांनी तोंडातनं शब्द न काढता खाटेच्या पायथ्याला टोमॅटोचं क्रेट लावून दिलं, वर गोधडीची घडी. आता पोरगी खाटेवर आन् पाय क्रेटवर. मराठी बोलती, पुण्यात शिकून आलीय, पण पुस्तकातली. मला म्हणती, 'आपण कुशल आहात ना?' मी म्हटलं, बाई, चहा घे.

आता खरी गोष्ट. संस्थेच्या अश्विनीताई सांगून गेल्यात, रथसप्तमीपत्तुर बघायचं. पोरगी रुळली तर दोन वरसं आमच्याकडं. न्हाई रुळली तर गोजरबाईकडं जाणार. म्हंजी माझ्या जावेकडं! गोजरबाईनं स्लॅबचं घर बांधल्यापास्नं ती जमिनीवर चालतच न्हाई, वर गिझर बसवलाय. रोज येऊन लिसबाईला सांगती, 'आमच्यात गरम पाणी नळाला येतं हां.'

अक्का, खरं सांगू? आपली प्राची सिन्नरला नांदायला गेली आन् घर खायला उठलंय. हे माझ्यापेक्षा म्हशीसंगं जास्त बोलतात. ही पोरगी आल्यापास्नं घरात कुणीतरी 'आई' म्हणतंय. मला ती हवी. काय करू ते सांग.

जाता जाता एक गंमत. गावातल्या सगळ्या घरांनी तिला बोलवून ओटी भरली. लग्न न्हाई झालं तर ओटी भरायची का, ह्यावर लई वाद झाला. शेवटी बायडाबाई म्हणाल्या, 'एवढ्या लांबनं आलीय, माहेरवाशीणच समजा.' मंग काय, नारळ आन् खण, नारळ आन् खण. नारळाच्या वड्या करून झाल्या. खण तिच्या ट्रंकेत मावंनात.

तुझी,
वैजू


मंचर
२१ डिसेंबर १९९८

चि. सौ. वैजूस अनेक आशीर्वाद.

बटाट्यावर हसणाऱ्या तुझ्या नवऱ्याला सांग, तो बटाटा तुमच्याच शेतातला होता.

आता नीट ऐक. पाहुणा टिकवायचा असेल तर तीन गोष्टी पाळायच्या. कामाला हात लावू द्यायचा नाही, ताट रिकामं दिसू द्यायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. झोपताना पण कुणीतरी खोलीत हवं, परक्या मुलखात पोरीला भीती वाटते. गोजरबाईचा गिझर काय करणार? माणसाला माया लागते. पाणी काय, चुलीवर पण तापतं.

आणि हो. दिवाळीला तू माझ्याकडून निघालीस तेव्हा तुझ्या ओटीत मोरपंखी खण घातला होता, तो शिवलास का? मी येवल्याला गेले होते तेव्हा शंभर खण उलटेपालटे करून तुझ्यासाठी निवडलेला आहे. दुकानदार कंटाळला. शिवला नसशील तर बघ माझ्याशी गाठ आहे. तुझी सवय मला माहीत आहे, ह्याचं त्याला नि त्याचं ह्याला.

अक्का


बेलमळा
३० डिसेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,

तू सांगितलं तसं सगळं केलं. ताट रिकामं दिसलं की मी भाकरी टाकते. ती ताट स्वच्छ करती, मी परत टाकते. मंग कळलं, तिच्याकडं ताटात टाकून उठणं म्हंजी अपमान, आन् आपल्याकडं रिकामं ताट म्हंजी अजून भूक हाय. दोघी मागं हटंनात. हे शेवटी ताट उचलून घेऊन गेले म्हणून पोरगी वाचली.

खोलीत एकटी नको म्हणून बायडाबाईला तिथं झोपवली. बायडाबाई घोरतात, हे तुला ठावं हायच. आता लिसबाई कानात कापूस घालून झोपती.

एक तर इतकं झालं की सांगायची सोय न्हाई. पोरगी सकाळी उठून पळायला गेली. नुसतीच, व्यायाम म्हणून! तिला पळताना पाहून कॅनॉलवरचे गडी पळाले, त्यांना पाहून द्राक्षाच्या बागेतले पळाले. कुणी म्हणालं बिबट्या आला, कुणी म्हणालं कोण तरी विहिरीत पडलं. निम्मा मळा काठ्या घेऊन तिच्या मागं. तिनं मागं वळून पाहिलं आन् ती जी सुटली म्हणतेस! थेट हायवेला. आता रोज सकाळी ती पळती आन् मागनं आमचे हे मोटरसायकलवर, काठी घेऊन. ती नको म्हणती, पण एकटं सोडायचं न्हाई ना.

पण अक्का, एवढं करून ती परवा मोरीत रडत व्हती. मी इचारलं काय झालं, तर म्हणाली, 'काही नाही. मला काही करायला द्या.' मी म्हटलं, अगं बाई, पाव्हणी तू, बस निवांत. तर अजून रडली. गोजरबाईनं भिंतीपलीकडनं ऐकलं आन् लगेच गिझरचं टुमणं.

तुझा खण मी कवाच शिवला. लई शोभतो. फक्त बाह्या जरा घट्ट झाल्या.

तुझी,
वैजू


मंचर
४ जानेवारी १९९९

चि. वैजूस,

बाह्या घट्ट? अगं, त्या खणात तू आणि तुझी म्हैस दोघी मावला असतात. शिंप्याला माझ्याकडे पाठव.

पोरीचं मात्र मी चुकीचं सांगितलं. विचार करता करता आठवलं, तू पण लग्न झाल्यावर महिनाभर रडत होतीस. आई घाबरली होती. मग तुझ्या सासूनं तुला सूप देऊन ज्वारी पाखडायला बसवली आणि तुझं रडू थांबलं. नुसतं बसवून ठेवलेलं माणूस पाहुणाच राहतो गं. तिला काहीतरी करू दे. शिवणकाम येतं ना? मग शिवू दे काय शिवायचं ते.

माझं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. तुझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी येणार म्हणजे येणार, सोपानच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर. मोरपंखी झंपर घालून दारात उभी राहा. घट्ट बाह्या मला बघायच्याच आहेत.

अक्का


बेलमळा
८ जानेवारी १९९९

चि. सौ. प्राचीस आईचा आशीर्वाद.

पोरी, ही चिठ्ठी वाचून फाडून टाक आन् मावशीला चुकून बोलू नकोस. तुझी आई पुरती फसलीय.

मावशीनं दिवाळीला दिलेला मोरपंखी खण मी शिवलेला न्हाई. तुला तर ठावं हाय, ओटीतला खण कोण शिवतं? तो पुढच्या ओटीत घालायचा असतो. हे काय मी एकटीच करते का, अख्ख्या तालुक्याचं असंच चालतं. मी तो गोजरबाईच्या वास्तुशांतीला दिला. मी म्हटलं, भारी खण हाय, गोजरबाईचं तोंड बंद होईल. आता मावशी यायची म्हणती आन् झंपर बघायचं म्हणती!

मंग मी शोध घेतला. गोजरबाईला सहज इचारलं, 'तो मोरपंखी शिवला का हो?' ती म्हणाली, 'शिवायला टाकलाय.' खोटं! तिनं तो पलीकडच्या ठमाबाईला दिला. ठमाबाईकडं गेले, तर ती पण म्हणाली, शिवायला टाकलाय. तिनं बायडाबाईला दिला. बायडाबाई म्हातारी, खोटं बोलायचं इसरली, तिनं सरळ सांगितलं, 'तुझ्या त्या गोऱ्या पोरीच्या ओटीत घातला की!'

म्हंजी खण माझ्याच घरात, माझ्याच खाटेखाली, लिसबाईच्या ट्रंकेत! पण पाव्हणीच्या ट्रंकेला हात कसा लावायचा? आन् मागायचा तरी कसा, दिलेली ओटी कुणी परत मागतं का?

पोरगी मात्र खुशीत हाय गं. मावशीनं लिहिलं तसं मी तिला म्हटलं, 'शिव बाई तुला काय शिवायचं ते, सगळं तुझंच हाय.' तवापास्नं समाजमंदिरात कडी लावून शिवती. कुणाला आत येऊ देत न्हाई, म्हणती, हळदीकुंकवाला दाखवीन. रडणं बंद. तेवढं एक बरं झालं.

आई


सिन्नर
१४ जानेवारी १९९९

प्रिय आईस,

तिळगूळ घ्या, गोड बोला. पण तू आधी घाई कर आणि लिसबेथला सांग!

आई, ती समाजमंदिरात नक्की काय शिवतेय, ह्याचा विचार केलास का? कापड कुठून आणलं तिनं? बाजारात गेली होती का? तुझ्या चिठ्ठीत तर तसं काही नाही. मला पण कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं की खण शिवायचा नसतो. सासरी आल्यावर पहिल्याच ओटीतला खण मी हौसेनं शिवून घातला, तर सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तो त्यांना नणंदेच्या ओटीत घालायचा होता.

आपल्याला वाटतं हे सगळ्यांना माहीतच असतं. त्या बिचारीला डेन्मार्कमध्ये कोण सांगणार?

तुझी,
प्राची


बेलमळा
२३ जानेवारी १९९९

चि. सौ. प्राचीस,

तुझी चिठ्ठी आज मिळाली. हळदीकुंकू काल झालं. पोस्टमनच्या नावानं काय बोलू आता.

सांगते सगळं, बस. मावशी आली, काठी टेकत, सगळ्यांत उंच खुर्चीवर बसली. मी दुपारच्या उन्हात अंगभर शाल गुंडाळून फिरत व्हते, झंपर दिसू नये म्हणून. घामानं नुसती न्हाले. मावशी म्हणाली, 'शाल काढ.' मी म्हटलं, 'थंडी वाजती गं.' ती म्हणाली, 'वैजे, शाल काढ.' तेवढ्यात लिसबाई ओढणी कमरेला खोचून पुढं आली आन् म्हणाली, 'आज वाण मी देणार.' मी म्हटलं, देवच पावला, मावशीचं ध्यान तरी दुसरीकडं जाईल.

मी वाणाला प्लास्टिकच्या चाळण्या आणल्या व्हत्या, त्या तशाच ऱ्हायल्या. लिसबाईनं ओसरीवर गोणी ओतली. पिशव्या गं प्राची, पिशव्या! बाजाराच्या! प्रत्येकीला एक, आन् प्रत्येक पिशवीला चार-पाच रंगांचे तुकडे जोडलेले. ट्रंकेतले समदे खण तिनं कापले व्हते. सगळ्यांनी तिला दिलं म्हणून तिनं सगळ्यांना सगळ्यांतलं थोडं थोडं परत दिलं, असा तिचा हिशेब. देखण्या तर इतक्या की बाया आधी 'अगं बया, काय सुरेख!' म्हणाल्या.

मंग गोजरबाईनं पिशवी उलटी केली.

'ठमाबाई, हा जांभळा मी तुमाला दिलेला! तुमी म्हणाला शिवायला टाकलाय!'

'मंग टाकलाच की, शिवूनच आलाय बघा,' ठमाबाई म्हणाली. 'आन् हा ठिपक्यांचा? हा मी तुमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला दिलेला, तो हितं कसा चालत आला?'

झालं! ज्या त्या बाईला हातातल्या पिशवीत आपला खण दिसाया लागला. कोणी कुणाचा कुणाला दिला, सगळं ओसरीवर उघडं. तिळाचे लाडू पायाखाली गेले. एकीनं तर दहा वरसांपूर्वीचा खण ओळखला आन् तो कुणाकुणाकडनं फिरत आला ते घरोघर नावं घेऊन मोजलं. लिसबाई मधे उभी राहून हसत व्हती, तिला वाटलं बाया खूश झाल्यात.

आन् मावशीला तिनं सगळ्यांत भारी पिशवी दिली. एकाच खणाची, अखंड. मोरपंखी.

मावशीनं पिशवीकडं पाहिलं. मंग माझ्याकडं. आपसूक माझ्या अंगावरची शाल खाली गेली.

'येवल्याहून!' मावशी ओरडली. 'शंभर खणांतनं निवडलेला! आन् म्हणं बाह्या घट्ट झाल्या! ह्या पिशवीला बाह्या कुठं हायत, दाखव मला! दाखव!'

मावशी रागावली की मंचरची भाषा इसरती बघ. आन् तेवढ्यात दारातनं तुझे वडील बोलले. चहाची किटली घेऊन आले व्हते. किटली खाली ठेवली, पिशवी हातात घेतली, काठ चाचपला आन् म्हणाले, 'हा खण येवल्याचा न्हाई. आळेफाट्याच्या बाजारातला हाय. मी आणला व्हता, लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीला, वैजूला. काठावरचं हे चुन्याचं बोट माझंच हाय. तंबाखू मळत व्हतो.'

प्राची, एवढं लांबलचक बोलणं त्यांच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलं न्हवतं. मंग हळूहळू आठवलं. तवा नवीनच लग्न झालेलं. मावशी पयल्यांदा घरी आली, ओटीत घालायला दुसरं काय न्हवतं, म्हणून तो खण मी तिला दिला. तो तिच्या पेटीत एवढी वरसं पडून ऱ्हायला आन् दिवाळीला येवल्याचा होऊन मला परत आला. आन् मी करंटीनं तो ओळखला न्हाई, गोजरबाईला देऊन टाकला!

मी मावशीकडं पाहिलं. मावशी आढ्याकडं बघत व्हती.

पयली बायडाबाई हासली. तिला दात न्हाईत, पण हासणं अख्ख्या मळ्याला ऐकू गेलं. मंग ठमाबाई, मंग सगळ्याच. गोजरबाईला ठसका लागला. मावशी शेवटी तोंडाला पदर लावून इतकी हासली की मोडका पाय धरून बसली.

पण लिसबाई रडत व्हती. तिला कोणीतरी समजावून सांगितलं व्हतं. म्हणाली, 'मी सगळ्यांचं कापलं. मी चूक केली. मी जाते.' आन् गोजरबाई ठसक्यातनं पण म्हणाली, 'ये बाई माझ्याकडं, गरम पाणी हाय!' बरोबर त्याच येळेला संस्थेच्या अश्विनीताई दारात.

मला असा राग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, 'कुटं निघालीस? ओसरीभर दोरे आन् चिंध्या पाडल्यास, लाडू तुडवलेत, ते काय गोजरबाईचा गिझर झाडणार हाय? घे झाडू! आन् झाडून झालं की कपबश्या विसळ! मोठी आली जाणारी!'

बोलून गेले आन् माझं मलाच कळलं. पाव्हणीला असं बोलतात का? तेबी अश्विनीताईंच्या म्होरं? मी म्हटलं, संपलं, आता ही जाती.

लिसबाईनं नाक पुसलं, झाडू घेतला आन् झाडाया लागली. झाडती अशी की कचरा इकडचा तिकडं. मी तिच्या हातातनं झाडू घेऊन दाखवला, परत दिला. अश्विनीताईंनी इचारलं, 'मग, काय ठरलं?' तर पोरगी मान वर न करता म्हणाली, 'कप विसळून सांगते.' कप विसळले, पालथे घातले आन् म्हणाली, 'मी इथेच राहते. इथे आता मला कोणीतरी रागावतं.'

मी आत जाऊन रडले गं. चांगली हुंदके देऊन रडले.

नंतर मी ह्यांना म्हटलं, तुमी खण आणला तवा सांगायचं तरी, की नीट ठेव म्हणून. तर म्हणाले, 'इचारलं न्हाईस.' मोरपंखी पिशवी मावशीनं मलाच दिली. हे आज नारायणगावच्या बाजाराला तीच घेऊन गेले, दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत.

आई


मंचर
२८ जानेवारी १९९९

चि. वैजूस,

येवल्याचं मी जे म्हणाले ते तू मनावर घेऊ नकोस. येवल्याला मी गेले होते, हे खरं आहे. खणाचं तिथं आठवलं, म्हणून तसं म्हणण्यात आलं. विषय संपला.

तुझ्या नवऱ्याला सांग, एवढं बोलता येत होतं तर इतकी वर्षं कुठं होता?

सोपानच्या हाती लिसबेथसाठी खण पाठवला आहे. डाळिंबी आहे. खरोखर नवा आहे, दुकानातली घडी पण मोडलेली नाही. पोरीनं एवढं शिवलं आणि स्वतःला काही ठेवलं नाही, म्हणून तिच्यासाठी. तिला म्हणावं, हा तूच शिवून घाल आणि कसा झाला ते मला तुझ्या हातानं लिहून कळव.

अक्का


बेलमळा
१२ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. प्राचीस,

घाईत दोन ओळी. लिसबाई आता भाकरी थापती, पण तिची भाकरी डेन्मार्कच्या नकाशासारखी होती, असं तीच म्हणती. मी तो नकाशा पाहिलेला न्हाई, पण बरोबर असंल. आता सकाळी पळायला ठमाबाईची सून पण जाती. हे मोटरसायकलवर मागं असतातच.

काल गोजरबाई आली, पुण्याला लेकीकडं चाललेली. लिसबाई म्हणाली, 'थांबा, ओटी मी भरते.' मी चुलीपाशी बसून बघत व्हते. नारळ घेतला, तांदूळ घेतले, हळदकुंकू लावलं. मंग ट्रंक उघडली, मावशीनं पाठवलेला डाळिंबी खण काढला, घडी न मोडता गोजरबाईच्या ओटीत घातला आन् माझ्याकडं बघून काहीच झालं न्हाई असं तोंड केलं.

मी पण भाकरी उलटली.

आई


बेलमळा, नारायणगाव
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय अक्का,

लिसबेथचा नमस्कार. तुमचा पाय बरा आहे ना? आई म्हणते, बटाट्यापासून जपा.

तुम्ही पाठवलेला डाळिंबी खण मिळाला. लई आवडला. मी तो लगेच शिवला. सगळे म्हणतात, खूप शोभतो.

फक्त बाह्या जरा घट्ट झाल्या.

तुमची,
लिसबाई